फुटला नाही, सुटून आला

उसाचा हंगाम भरात आला की कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या हायड्रॉलिक होज पाइपच्या दुकानांपुढं सकाळपासून दुचाक्या लागलेल्या असतात. कुणाच्या खांद्यावर, कुणाच्या मागच्या सीटवर तेलानं ओघळलेले काळे पाइप. तोडणी यंत्र कुठंतरी शिरोळच्या नाहीतर कुडित्र्याच्या बाजूला फडात उभं, मागं ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, आणि फोनवर कुणीतरी सतत ‘झालं का, झालं का’ विचारतंय. अशा घाईत काउंटरवर आलेला एक पाइप मात्र डोक्यातून जात नाही. अर्धा इंची, तारेच्या दोन जाळ्यांचा, जवळजवळ नवा. त्याला ना चीर, ना फुगवटा. एका टोकाला नुसतं रबराचं उघडं तोंड, आणि चालकाच्या दुसऱ्या हातात फेरूलसकट (पाइपवर बाहेरून दाबलेली पोलादी टोपी) निपल (पाइपच्या आत घुसणारा धातूचा जोड). “मालक, फुटला न्हाई, सुटून आलाय.” दुकानदारानं टोक उलटसुलट केलं, “दाब कमी पडला असंल, थांब भावा, अर्धा एमएम ज्यादा दाबून देतो,” म्हणत फेरूल दाबायच्या क्रिंपिंग मशीनची डायल फिरवली आणि नवं टोक दाबून दिलं. पाच-दहा मिनिटांचं काम. निघालेल्या टोकाच्या आत कुणी डोकावलं नाही, ते भंगाराच्या टोपलीत गेलं. काय बिघडलं होतं ते त्या आतल्या रबरावरच उमटलेलं होतं.

डायल फिरवणं हे या धंद्यातलं सगळ्यात सोपं औषध आहे, म्हणून ते सगळ्या आजारांवर दिलं जातं. पाइप गळाला, जास्त दाब. सुटला, जास्त दाब. दाबल्यावर निपलचं भोक आवळलं, मग कमी दाब. क्रिंपिंग मशीन गप्प असतं, आठ पाकळ्या मिटतात, उघडतात, आणि बाहेरून प्रत्येक फेरूल सारखाच चकचकीत दिसतो. त्यामुळं दोष मशीनच्या आकड्यात शोधायची सवय लागते. प्रत्यक्षात दाबायच्या कामातले बहुतेक दोष मशीनपाशी येण्याआधीच तयार झालेले असतात. कापताना, सोलताना आणि विशेष करून बसवताना. मशीन त्यांच्यावर फक्त झाकण घालतं.

हे काम किती जोखमीचं आहे ते गणितानं कळतं. अर्धा इंची, दोन जाळ्यांचा ‘२ एसएन’ पाइप तेलाच्या २७५ बार (बार हे दाबाचं एकक) दाबापर्यंत चालवायचा असतो आणि त्याची फुटण्याची मर्यादा त्याच्या चौपट, म्हणजे ११०० बार ठेवलेली असते. अर्ध्या इंचाच्या भोकाचं क्षेत्रफळ सव्वा चौरस सेंटिमीटरच्या आसपास. २७५ बारला निपल बाहेर ढकलणारं बळ साडेतीनशे किलोच्या घरात जातं. पाइपाला एखादी म्हैस टांगल्यासारखं, आणि तेही दिवसभर हिसके देत. चार थरांच्या स्पायरल तारेचा इंची ‘४ एसएच’ पाइप ३८० बारला चालतो, तिथं हेच बळ दोन टनांपर्यंत पोचतं. हा सगळा ताण धरून ठेवतात ते फेरूलच्या आतले दात, तारेची जाळी आणि निपलच्या शेपटीवरच्या खाचा. त्यांच्यामध्ये सापडलेलं रबर तेल अडवतं. तारेनं ओढ सोसायची आणि रबरानं गळती थांबवायची, अशी कामाची वाटणी आहे. ती बिघडली की पाइप सुटतो तरी किंवा पाझरतो तरी.

म्हणून सुटलेलं टोक आधी वाचायचं.

निपल एकटा बाहेर आला आणि फेरूल पाइपवरच राहिला, तर फेरूलच्या तोंडाची आतली कड निपलच्या खोबणीत बसलीच नव्हती. निपल तीन-चार मिलिमीटर अलीकडं राहिला तरी ती कड खोबणीऐवजी सपाट भागावर दाबली जाते आणि दोघांना जोडणारं कुलूपच लागत नाही. फेरूल आणि निपल मिळून बाहेर आले, तर कुलूप ठीक आहे, पाइप धरला गेला नव्हता. मग पाइपच्या तोंडात विजेरी मारायची. खाचांच्या गोल खुणा सगळ्या लांबीवर उमटल्यात की फक्त तोंडाजवळच्या पुढच्या भागात? फक्त पुढं असतील तर पाइप पूर्ण आत गेलाच नव्हता. खुणा सगळीकडं आहेत पण लांबट ओरखड्यासारख्या ओढल्या गेल्यात, तर पाइप पूर्ण बसला होता पण दाब कमी होता, तो हळूहळू सरकत निघाला. तारा तुटून फेरूलच्या आतच राहिल्या असतील तर उलटा प्रकार: दाब जास्त झाला आणि दातांनी तार कापली. आणि फेरूलच्या दातांत काळं रबर गच्च भरलेलं असेल, तर पाइपचं वरचं रबर सोलून बसवायचा फेरूल न सोलता बसवलेला आहे. दात तारेपर्यंत पोचलेच नाहीत, वरच्या रबराला धरून राहिले, आणि ते रबर तेल तापल्यावर मऊ पडलं.

टोपलीतून उचललेल्या त्या टोकात खुणा पुढच्या अर्ध्या भागातच होत्या. मागचं रबर गुळगुळीत. पाइप निम्मा बसला होता. अर्धा काय, एक मिलिमीटर जास्त दाबला असता तरी जिथं पाइपच नाही तिथं दात कशाला धरणार? उलट जो निम्मा भाग सापडला होता तो चेचला गेला असता, आणि पुढच्या वेळी तक्रार आली असती की तारा तुटल्या.

बसवण्याची सुरुवात कापण्यापासून होते. पाइप काटकोनात कापला पाहिजे. दात नसलेल्या, धार लावलेल्या चकतीनं काप स्वच्छ येतो. ग्राइंडरच्या घासणाऱ्या चकतीनं कापला तर रबर जळतं, तारेची टोकं पसरतात आणि काळी भुकटी आत जाते. तिरका कापलेला पाइप एका बाजूनं तळाला टेकतो आणि दुसऱ्या बाजूनं दोन-तीन मिलिमीटर अलीकडं राहतो, त्यामुळं एका अंगाला पकड अपुरी. गळती नेहमी एकाच बाजूनं होत असेल तर पहिला संशय कापावर घ्यावा. कापल्यावर आतली घाण काढायची. चांगल्या दुकानात हवेच्या बंदुकीनं स्पंजची गोळी पाइपमधून आरपार मारतात; भोकापेक्षा थोडी मोठी गोळी, एकदा या टोकानं, एकदा त्या टोकानं, ती स्वच्छ बाहेर येईपर्यंत. बाकी ठिकाणी कंप्रेसरची हवा मारून भागवतात. ही भुकटी पुढं जाऊन पंपाचा आणि व्हॉल्व्हच्या स्पूलचा (आत सरकणाऱ्या दांडीचा) जीव घेते, आणि तेव्हा पाइपवाल्याचं नाव कुणी घेत नाही.

सोलणं हा नाजूक भाग. वरचं रबर तारेपर्यंत काढायचं, तारेला हात लावायचा नाही. तारेवर पितळेचा मुलामा असतो, तो रबराला धरून राहण्यासाठी असतो आणि काही प्रमाणात गंजापासूनही वाचवतो. वायर ब्रशनं जोरात घासून तार ‘चांगली चकचकीत’ करणारे हात तो मुलामाच काढून टाकतात. सोललेली लांबी फेरूलच्या आत पूर्ण झाकली गेली पाहिजे. तार बाहेर उघडी राहिली की फडातलं पाणी आणि मळी तिथून जाळीत शिरते आणि गंज आतून धरतो. न सोलता बसवायचे फेरूल निराळे असतात. त्यांचे दात उंच आणि टोकदार, ते रबर भेदून तारेपर्यंत जातात. दोन्ही फेरूल डब्यात एकत्र पडले की बाहेरून ओळखू येत नाहीत, आत बोट घालून दात चाचपावे लागतात. डबे वेगळे ठेवण्याइतकं स्वस्त काम या धंद्यात दुसरं नसेल, तरी ते क्वचित होतं.

आता बसवणं. फेरूलची आतली खोली व्हर्निअरच्या (बारीक मापाच्या सरकपट्टीच्या) शेपटीनं मोजायची आणि पाइपवर टोकापासून तेवढ्याच अंतरावर पांढऱ्या मार्करची रेघ मारायची. खोली ३२ मिमी भरली तर रेघ ३२ वर. फेरूल चढवला की त्याची कड रेघेवर आली पाहिजे. मग निपलच्या शेपटीला हायड्रॉलिक तेलाचं बोट लावायचं, ग्रीस नाही, आणि निपल सरळ रेषेत दाबत न्यायचा. तिरका घुसवला तर पहिलीच खाच आतल्या नळीचं रबर खरवडते. हा दोष लगेच दिसत नाही. तेल त्या ओरखड्यातून जाळीत शिरतं, तारांच्या बाजूनं सरकत जातं आणि टोकापासून वीत-दीड वीत अंतरावर वरच्या रबराला फोड आणतं. चालक फोड दाखवून ‘पाइप खराब निघाला’ म्हणतो, दुकानदार कंपनीला शिव्या देतो, आणि मूळ कारण असतं निपल घुसवतानाचा वाकडा हात. सगळं बसल्यावर रेघ पुन्हा बघायची, आणि टोक मशीनमध्ये धरल्यावर आणखी एकदा, कारण पाकळ्या मिटायला लागल्या की पाइप अंगठ्याएवढा मागं सरकलेला कळत नाही. ही रेघ मारायला वीस सेकंद लागत नाहीत. फडातल्या घाईत नेमकी तीच वगळली जाते.

आधी पूर्ण बसवा, मग दाबा, हा क्रम फक्त होज पाइपचा नाही. कोल्हापूरला नेमबाजी नवी नाही. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे ही नावं इथं पोराटोरांना पाठ आहेत. ५० मीटर रायफलची पॉइंट टू-टू काडतुसं कारखान्यातून तयारच येतात. पण परदेशात, जिथं कायद्याची परवानगी आहे तिथं, मोठ्या बोअरची रिकामी पितळी काडतुसं पुन्हा भरणारे हौशी लोक आहेत आणि त्यांचं रडगाणं ऐकलं की उद्यमनगरात उभं असल्याचा भास होतो. त्यांच्याकडं एकाच डायमध्ये (दाबायच्या साच्यात) दोन कामं असतात: वरची दांडी गोळी आत बसवते आणि डायच्या पोटातला खांदा काडतुसाचं तोंड गोळीवर आवळतो. ओतीव शिशाची गोळी मऊ, आणि बंदुकीच्या नळीच्या भोकापेक्षा किंचित जाडच ठेवलेली. दोन्ही कामं एकाच झटक्यात केली तर गोळी अजून खाली उतरत असताना तोंड तिला चावायला लागतं. शिशाची कड सोलून वर गोळा होते, किंवा पितळेला तोंडाखाली फुगवटा येतो आणि काडतूस बंदुकीच्या घरात बसत नाही. तिथंही पहिलं औषध म्हणून दाब वाढवतात आणि फुगवटा वाढतो. इलाज साधा आहे. डाय फेरभर वर घ्यायची म्हणजे खांदा तोंडाला लागत नाही, सगळ्या गोळ्या आधी नुसत्या बसवायच्या. मग दांडी वर काढून घ्यायची, डाय हळूहळू खाली आणायची आणि दुसऱ्या फेरीत फक्त आवळायचं. काडतुसांची लांबी कमी-जास्त असेल तर कुणाचं तोंड जास्त आवळतं, कुणाचं कमी, जसं तिरक्या कापलेल्या पाइपचं होतं. गोळीवरचं मेण दांडीच्या तोंडात साठलं की प्रत्येक गोळी आधीच्यापेक्षा थोडी खोल बसत जाते. म्हणजे डाय आतून पुसणं तिथंही आलंच.

पुसण्यावरून आपल्या मशीनच्या पाकळ्या. आठ पाकळ्यांचा संच एकत्रच बनतो आणि प्रत्येकीवर त्याच्या मापाचा आकडा कोरलेला असतो. पाकळ्या धुवायला काढल्या आणि दोन संच मिसळले, की फेरूल गोल न येता लंबगोल येतो. पाकळी आणि तिच्या मागचा सरकता भाग यांच्यात मुलाम्याचा पापुद्रा किंवा सोललेल्या तारेचा तुकडा अडकला तरी तेच. सरकणाऱ्या पृष्ठांवर ग्रीस नसेल तर काही पाकळ्या मागं राहतात आणि आकडा रोज थोडा वेगळा येतो. फेरूल एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक येत असेल, तर तो पाकळ्यांच्या मध्यावर धरला जात नाही, किंवा बरीच वर्षं आखूड फेरूल पुढच्याच कडेला दाबून दाबून पाकळ्या तिथं झिजल्यात. दाबताना फेरूल लांबतो हेही लक्षात ठेवावं लागतं. निपलवरच्या नटाला अगदी चिकटवून धरला तर लांबलेली कड नट आवळून टाकते आणि तो फिरत नाही.

डायलवरचा आकडा म्हणजे दाबल्यावरचा व्यास नव्हे. २३ मिमीची पाकळी घेऊन डायल दीडवर ठेवली तर २४.५ मिमी यायला हवं. पोलाद थोडं परत उसळतं आणि माप २४.७ भरतं. म्हणून पहिला फेरूल तक्त्यातल्या (कुठल्या पाइपला कितीवर दाबायचं त्या यादीतल्या) आकड्यापेक्षा थोडा ढिला दाबायचा, मोजायचा, मग डायल उतरवत पुढच्या नव्या फेरूलांवर इच्छित मापाला यायचं. मोजायचं फेरूलच्या लांबीच्या मध्यावर, पाकळीच्या सपाट ठशावर. दोन पाकळ्यांमध्ये उठलेल्या धारेवर व्हर्निअर टेकवलं तर माप खोटंच येणार. चार दिशांना चार मापं घ्यायची. त्यांत ठळक फरक दिसला तर डायलला हात न लावता पाकळ्या काढून पुसाव्यात. आणि एकदा दाबलेला फेरूल पुन्हा दाबायचा नाही. आतलं रबर एकदा बसलेलं असतं, दुसऱ्या दाबानं ते पकडीतून निघून जातं.

जास्त दाबाचा पुरावा निपलच्या भोकात असतो. भोक किंचित आवळणं अपेक्षितच आहे, पण किती आवळलं हे डोळ्याला कळत नाही; मापाची पिन आत जाते का बघावी लागते. भोक जास्त आवळलं की तेथून तेल जाताना दाब खातं, टोक इतर पाइपांपेक्षा जास्त तापतं, आणि यंत्र ‘मंद चालतंय’ म्हणून लोक पंपाकडं बघत बसतात.

तक्ता हा एका विशिष्ट पाइपचा आणि एका विशिष्ट फेरूलचा असतो. इथं गोची होते. आपल्याकडं ट्रॉब मशीनवर (आपोआप चालणाऱ्या लेथवर) फेरूल काढून देणारे कारखाने पायलीला पन्नास आहेत आणि त्यांतले कित्येक उत्तम काम करतात. पण फेरूलची भिंत मूळ नगापेक्षा ०.२ मिमी पातळ झाली, तर तक्त्यातल्याच बाहेरच्या मापाला आतली पकड व्यासात ०.४ मिमी ढिली पडते. पाइपची कंपनी बदलली तर जाळीवरचा व्यासही थोडा बदलतो. दोन्ही बदल एकाच दिशेनं पडले की तक्ता भिंतीवर शोभेला राहतो. फेरूलचं पोलाद मऊ असावं लागतं. कडक बारमधून काढलेला फेरूल जास्त उसळतो किंवा धारेवर तडकतो. नवा माल आला की एक टोक दाबून ते लांबीत उभं चिरावं, हा सगळ्यात भरवशाचा उपाय. चिरल्यावर दिसलं पाहिजे ते असं: निपलच्या खाचा रबरानं भरलेल्या, मधे पोकळी नाही, तार दातांखाली लाटेसारखी वळलेली पण तुटलेली नाही, पाइपचं टोक तळाला टेकलेलं, फेरूलची कड खोबणीत. एक फेरूल आणि वीतभर पाइप वाया जातो. फडात एक तास यंत्र बंद राहिलं तर त्यापेक्षा कितीतरी जास्त जातं, पण तो खर्च दुकानदाराच्या वहीत लिहिला जात नाही, हीच अडचण आहे.

पाइपचं वय कुणी विचारत नाही. वरच्या छपाईत तिमाही आणि वर्ष असतं. शोरूमच्या उन्हात वर्षानुवर्षं पडलेलं बंडल बाहेरून काळंभोर दिसलं तरी आतलं रबर कडक झालेलं असतं, आणि कडक रबर खाचांत भरत नाही. जुन्या पाइपाला नवं टोक लावून देण्याचा आग्रह धरणाऱ्या गिऱ्हाइकाला नाही म्हणता आलं पाहिजे.

तयार पाइप चालवायच्या दाबाच्या दुप्पट दाबावर अर्धा ते एक मिनिट धरून तपासायचा, अशी रीत आहे. चाचणीचा पंप प्रत्येक दुकानात नसतो. नसेल तर निदान फेरूलच्या कडेला पाइपवर नवी बारीक रेघ मारून द्यावी आणि चालकाला सांगावं की यंत्र अर्धा तास तापल्यावर ते बंद कर, दाब उतरव आणि रेघ बघ. फेरूल आणि रेघ यांच्यात केसाएवढी फट पडली असेल तर पाइप सरकायला लागलाय, तो संध्याकाळची वाट बघणार नाही. बसवताना पाइपवरची छापील ओळ सरळ राहिली पाहिजे. ती मळसूत्रासारखी फिरलेली दिसली तर पाइप पिळून बसलाय आणि पीळ सोडवण्यासाठी तो टोकाशीच झगडणार. दाबाखाली पाइप चार टक्क्यांपर्यंत आखडू शकतो, तेव्हा एक मीटरच्या पाइपला चार सेंटिमीटर ढील हवीच, ताणून बसवायचा नाही. अर्धा इंची दोन जाळ्यांच्या पाइपला वळणाची त्रिज्या १८० मिमीपेक्षा कमी नको, आणि टोकाला लागूनच वळण तर मुळीच नको.

गळती शोधताना हात फिरवायचा नाही. ही गोष्ट ओरडून सांगितली तरी लोक हात फिरवतातच, कारण आवाज येतो पण तेल दिसत नाही. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून शंभर-दोनशे बारनं येणारी धार हातमोज्यातून आणि कातडीतून आरपार जाते. जाड पुठ्ठा किंवा फळकूट लांब धरून फिरवावं, ओला डाग जिथं पडेल तिथं गळती. आणि बोटाला टोचल्यासारखं झालं, मुंगी चावल्याएवढा ठिपका दिसला, दुखत नसलं, तरी हळद लावून बसायचं नाही. तेल आत पसरत राहतं आणि काही तासांत बोट, कधी हात गमावायची वेळ येते. थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जायचं, ‘दाबानं हायड्रॉलिक तेल आत घुसलंय’ हे पहिल्याच वाक्यात सांगायचं आणि तेलाच्या डब्यावरचं लेबल सोबत न्यायचं.